अंदमानची सहल आणि आपली सही

मार्गशीर्ष लागला, वैनगंगेवर सकाळचे धुके रेंगाळू लागले, की आपल्या दवाखान्यांत एक निराळाच रुग्ण येऊ लागतो. त्याला काहीच झालेले नसते. स्वेटरच्या आतून तो एक छापील कागद काढतो आणि म्हणतो, "डॉक्टरसाहेब, अंदमानला चाललो आहोत. तेवढी सही हवी होती." या सहीविषयी मला चार शब्द लिहावयाचे आहेत.

मराठी माणसाला अंदमानची ओढ का, हे वेगळे सांगावयास नको. १९०६ मध्ये बांधून पूर्ण झालेल्या सेल्युलर जेलमध्ये ४ जुलै १९११ रोजी सावरकरांना आणले गेले. थोरले बंधू बाबाराव त्याच्या आधीपासून तेथेच होते. 'माझी जन्मठेप' ज्या घरांत वाचले गेले, त्या घरांतील वडीलधाऱ्यांना ती कोठडी एकदा डोळ्यांनी पाहावयाची असते. ती सर्वांत वरच्या मजल्यावर आहे. गुडघे धरून, कठड्याचा आधार घेत जिना चढणारी सत्तरीची मंडळी तेथे दिसतात आणि वर पोहोचल्यावर काही काळ कोणीच बोलत नाही. शिवाय डिसेंबर-जानेवारीत येथे आपण शेकोटीभोवती बसतो, तेव्हा तेथे रात्रीही पांघरूण लागत नाही. पावसाळा ओसरलेला असतो, समुद्र बराच शांत असतो. संधिवाताने आखडलेल्यांना आणि थंडीत खोकल्याने बेजार होणाऱ्यांना आठ दिवस बरे वाटते. तेव्हा 'जाऊ नका' असे सांगणाऱ्यांपैकी मी नव्हे.

परंतु सहलीचे स्वरूप बदलले आहे. जेल आणि राधानगरचा किनारा यांच्या जोडीला आता पाण्याखालचा कार्यक्रम असतो. नॉर्थ बे येथे डोक्यावर शिरस्त्राण चढवून समुद्रतळावर चालणे, आणि हॅवलॉक बेटावर (२०१८ पासून स्वराज द्वीप) स्कुबा. पोहता येत नसले तरी चालते, असे सांगितले जाते. तेही खोटे नाही, कारण प्रशिक्षक हाताला धरूनच नेतो. खरा धोका वेगळ्याच ठिकाणी असतो.

पाण्याखाली दर दहा मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. दहा मीटरवर भरलेला श्वास पृष्ठभागावर येईतो दुप्पट जागा मागतो. वर येताना घाबरून श्वास रोखला, किंवा फुफ्फुसाच्या एखाद्या कोपऱ्यात हवा अडकून राहिली, तर तेथील ऊतक फाटते. हवा फुफ्फुसावरणात शिरते, क्वचित रक्तात शिरून मेंदूपर्यंत जाते. त्यासाठी फार खोल जावे लागते असेही नाही. भरल्या छातीने श्वास रोखून दीड-दोन मीटरवरून वर येणेही पुरेसे ठरू शकते.

माझाच अनुभव सांगतो. आमच्याकडील एक निवृत्त गुरुजी असाच कागद घेऊन आले. तारुण्यात त्यांना क्षय झाला होता. पूर्ण औषधोपचार घेऊन ते बरे झाले होते. मला ते ठाऊक होते, त्यांच्या छातीचा जुना एक्स-रे मीच पाहिला होता. सायंकाळची गर्दी होती. मी उभ्याउभ्या सही केली, शिक्का मारला आणि "मजा करा" म्हणालो. हॅवलॉकच्या किनाऱ्यावर पंचविशीच्या एका प्रशिक्षकाने फॉर्मवरील प्रश्न एकेक करून त्यांना हिंदीत वाचून दाखवले. "कभी टी.बी. हुआ था?" गुरुजी खोटे बोलणारे नव्हेत. मुलाने त्यांना पाण्यात नेण्यास नम्रपणे नकार दिला. माझी सही दाखवूनही तो बधला नाही. परत आल्यावर गुरुजींनी हा किस्सा हसत हसत सांगितला. मला हसू आले नाही. नागपूरला सी.टी. स्कॅन करून घेतला, तेव्हा उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात हवेचा एक मोठा फुगा दिसला. जो प्रश्न मी विचारावयाचा, तो त्या मुलाने विचारला होता.

आपल्या भागात क्षयाचे जुने व्रण घेऊन हिंडणारी माणसे थोडी नाहीत. खाणीत आयुष्य काढलेलेही आहेत. दमा, अपस्मार, फुटलेला कर्णपटल, नुकतीच झालेली डोळ्याची शस्त्रक्रिया यांविषयी विचारावयास दोन मिनिटे लागतात. हृदयाचे थोडे अधिक सांगावेसे वाटते. गळ्यापर्यंत पाण्यात उतरताच हातापायांतील सुमारे अर्धा लिटर रक्त छातीकडे सरकते. अनियंत्रित रक्तदाबाच्या किंवा दुबळ्या हृदयाच्या माणसाला तेवढ्यानेही फुफ्फुसात पाणी साठून धाप लागू शकते, आणि ती धाप पाण्याखाली लागते. यास्तव साठीच्या पुढील माणसाचा रक्तदाब न मोजता, ई.सी.जी. न पाहता 'फिट' लिहिणे मला आता गैर वाटते.

आणखी एक बाब सहलीच्या वेळापत्रकाची. स्कुबा बहुधा शेवटच्या टप्प्यात असते आणि लगेच परतीचे विमान. एका साध्या बुडीनंतरही किमान बारा तास, आणि एकाहून अधिक बुड्या असतील तर अठरा तास विमानात बसू नये, असा मान्य संकेत आहे. सहलीचा कागद हाती आल्यावर तारखा पाहणे हेही आपलेच काम समजावे.

काही व्यवसायबंधू म्हणतात, "तो कागद केवळ औपचारिक असतो, जबाबदारी नेणाऱ्यांची." मला हे पटत नाही. नेणारा माणूस आपल्या सहीवर विसंबतो आणि रुग्ण तर आपल्यावरच. उलट टोकाचे मित्र साठीनंतर सरसकट नकार देतात. तेही अन्यायाचे. पासष्टीचा नियमित पोहणारा निरोगी माणूस तपासून निर्धोक वाटला, तर त्याने अवश्य उतरावे.

ज्यांना नकार द्यावयाचा, त्यांना रिकाम्या हाताने मात्र पाठवू नये. काचेच्या तळाच्या बोटीतून प्रवाळ कोरडे राहून पाहता येते. चिडिया टापूला पक्षी आहेत, सूर्यास्त आहे. हिवाळ्यात तेथे पाचच्या सुमारासच सूर्य मावळतो, म्हणून पहाटे लवकर उठून किनाऱ्यावर चालण्याचा बेत करावा. इन्शुलिन घेणाऱ्यांनी जेवणाच्या वेळा त्याप्रमाणे जुळवाव्यात आणि औषध हातातील पिशवीतच ठेवावे. बोट लागू नये म्हणून प्रोमेथाझिन सर्रास दिले जाते. प्रोस्टेटचा त्रास असलेल्या वृद्धाची त्याने लघवी अडू शकते, हे लिहून देण्यापूर्वी आठवावे. खाडीच्या मुखाशी, तिवरांजवळ पाण्यात उतरू नये. तेथे खाऱ्या पाण्यातील मगरी आहेत.

आपल्या संस्थेने एक पानाची प्रश्नावली मराठीत व हिंदीत छापून सर्व सदस्यांच्या टेबलावर ठेवावी, असे मी सुचवितो. मसुदा मी तयार केला आहे. फुफ्फुस आणि हृदय यांच्या तज्ज्ञ मित्रांनी त्यावर लाल शाई चालवावी. दिवाळीनंतर सहलींची नोंदणी सुरू होते, त्याच्या आत हे काम उरकावे. गुरुजी या जानेवारीत पुन्हा जात आहेत, या वेळी नातवंडांसह. नातवाचा कागद माझ्या टेबलावर आहे. त्याला लहानपणी दमा होता असे त्याची आई म्हणते, म्हणून फुंकणीची तपासणी झाल्याशिवाय मी त्यावर सही केलेली नाही.