सहीचे मालक

गोदीत पाळी सुटल्यावर मुकादम कुणाला घरची भाजी आणायला पाठवत नाही. पाठवलंच तर टोळी बोंब मारते. विद्यापीठात मात्र पीएच.डी.चा पोरगा गाईडच्या घरचं सामान आणतो, त्याचे पेपर तपासतो, आणि वर ‘सर मोठ्या मनाचे’ म्हणतो! का? तर सही. फेलोशिप चालू राहायला प्रगतीच्या कागदावर गाईडची सही लागते. २०२३पासून जेआरएफचे महिना ३७,००० रुपये. त्यावर गावाकडं चूल पेटते, हे गाईडलाही पक्कं ठाऊक. पैसा अडला की काय होतं? हैदराबादेत रोहित वेमुलाची सात महिन्यांची फेलोशिप थकली होती. १७ जानेवारी २०१६ला तो गेला.

यूजीसीचा २०२२चा नियम पोराला सांगतो, सहा वर्षांत प्रबंध दे. पण गाईडनं प्रकरण चार-चार महिने टेबलावर कुजवलं, तर त्याचं घड्याळ कुणी लावायचं?

गुरु-शिष्याचे गोडवे आमच्यापुढं गाऊ नका, अंगठा आमचा गेलाय. १९२३ साली बाबासाहेबांचं रुपयावरचं पुस्तक लंडनात निघालं. प्रस्तावना त्यांचे प्राध्यापक एडविन कॅनन यांची. काही मुद्दे पटत नाहीत, असं त्यांनी त्यातच उघड लिहिलं, आणि तरी लिहिली. ना त्यांनी सही अडवली, ना बाबासाहेबांनी मान डोलावली.

मागणं साधं आहे. प्रकरण घेतलं की तारखेची पोच द्या. सही अडवायची तर कारण लेखी द्या. आणि पोरांनो, प्रबंध स्वतः लिहा. उचलेगिरी करून आमच्याकडं दाद मागायला येऊ नका.