गोठा वाचला तर घर वाचेल!

शिरोळ तालुक्यातल्या नदीकाठच्या बंधू-भगिनींनो,

२००५, २०१९, २०२१. कृष्णा-पंचगंगेच्या महापुरानं आपली घरं बुडवली आणि दर वेळी बोल आपल्यालाच लागला: "सांगूनही लोक गाव सोडत नाहीत." का सोडत नाहीत? बोटीत माणसं बसतात, म्हैस बसत नाही. दाव्याला हंबरणारी दुभती म्हैस मागं ठेवून कुठली बाई बोटीत चढेल?

पूर ओसरल्यावर कुणाचं घर आधी सावरलं, ते आठवा. उसावर भरवसा ठेवणाऱ्याचं नव्हे. पोंग्यात पाणी गेलं की ऊस कुजतो. नवी लावण करून बिल हाती पडेपर्यंत वर्ष-दीड वर्ष जातं. ज्यांची जनावरं जगली, त्यांना मात्र डेअरी सुरू झाली की दहा दिवसांनी दुधाचं बिल मिळतं. त्यात तेल-मीठ भागतं, पोरांची फी भरता येते, सावकाराची पायरी चढावी लागत नाही. भूमिहीन घराला तर तेवढाच आधार.

सरकारी मदत मात्र सातबारा बघून येते. पिकाचे पैसे हेक्टरावर. उताऱ्यावर नाव नाही म्हणून कसणारा वाटेकरी कोरडाच. केंद्राच्या २०२२ पासूनच्या निकषांत मेलेल्या दुभत्या म्हशीमागे ३७,५०० रुपये, तेही घरटी तीन जनावरांपर्यंत. एवढ्या पैशात आज बाजारात चांगली दुभती म्हैस मिळते का, ते साहेबांनीच दाखवावं! शिवाय पुरावा हवा. पुरात वाहून गेलेल्या जनावराचा पुरावा आणायचा कुठून?

पुरानंतर मदतीत मिळणाऱ्या धान्याच्या पिशव्यांबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत, पण त्या दोन-चार आठवड्यांत संपतात. सरकारकडे आमचं मागणं वेगळं आहे. नदी इशारा पातळीला जाण्याआधी प्रत्येक गावाची जनावरं उंचावरच्या ठरलेल्या छावणीत हलवा. तिथं वैरण, पाणी, डॉक्टर आणि दूध संकलन आधीपासून तयार ठेवा. कानातल्या बिल्ल्याची सरकारी नोंद हाच वाहून गेलेल्या जनावराचा पुरावा माना. वाटेकऱ्याचं नाव ग्रामसभेच्या शब्दावर पंचनाम्यात घ्या.

आणि गावकऱ्यांनो, आपणही आपल्या जनावरांना बिल्ले मारून घ्या. डेअरीचं खातं धारा काढणाऱ्या बाईच्या नावावर करा. आणि १ मेच्या ग्रामसभेला घरटी एक माणूस याच. छावणीची जागा ठरून ठराव प्रोसिडिंगला लिहिला जाईपर्यंत कुणीही उठू नका.