अंगठा जुळला नाही म्हणून

देशातला पहिला आधार क्रमांक 29 सप्टेंबर 2010 रोजी आपल्याच राज्यात, नंदुरबारच्या टेंभली गावात दिला गेला. ज्याच्याकडे कुठलाच कागद नाही त्यालाही ओळख मिळेल, ही तेव्हाची आशा होती.

मुंबईत गोवंडीच्या शिवाजीनगर, बैंगनवाडीत देवनार डम्पिंगवर कचरा वेचणारे, जरीकाम करणारे, धुणीभांडी करणाऱ्या बाया राहतात. काच, पत्रा, सुई, सोडा यांनी बोटांवरच्या रेषा झिजतात, आणि रेशन दुकानात आधारशी ठसा जुळवणाऱ्या ई-पॉस यंत्राला नेमक्या त्याच रेषा हव्या असतात. ओटीपीचा पर्याय आहे म्हणतात. पण आधारला जोडलेला मोबाइल नंबर कधीच बंद पडलेला असतो.

2013च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना 5 किलो धान्याचा हक्क दिला. हा हक्क माणसाचा आहे, त्याच्या अंगठ्याचा नव्हे. ठसा जुळला नाही म्हणून धान्य नाकारू नका, असं केंद्राच्या अन्न खात्याने ऑक्टोबर 2017मध्येच राज्यांना कळवलं. 2018च्या आधारवरच्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही ठसा जुळला नाही म्हणून कुणाला वंचित ठेवण्याविरुद्ध बजावलं. तरी रोजगार बुडवून पुन्हा रांगेत उभं राहायचं ते कार्डधारकानेच!

यंत्र अडलं तर दुकानदाराने वहीत नोंद करून त्याच दिवशी धान्य द्यावं. आणि शिधावाटप कार्यालयाने नाकारलेल्या ठशांचे आकडे दर महिन्याला, दुकानवार, जाहीर करावेत.