सेवाव्रताला शिक्षणाची जोड

बारावीचे निकाल लागले की मध्यमवर्गीय घरांतून जी चर्चा सुरू होते, तिच्यात समाजकार्याच्या पदवीचा उल्लेख सहसा होत नाही. झालाच तर तो दोन प्रकारे होतो. ‘दुसरीकडे कुठे प्रवेश मिळाला नाही का?’ हा पहिला प्रकार. दुसरा आपल्या अधिक परिचयाचा आणि म्हणूनच अधिक विचारार्ह आहे. ‘समाजसेवेला पदवी कशाला हवी? ती अंतःकरणातून यावी लागते,’ असे आपल्यातील जाणते कार्यकर्तेच मुलांना सांगतात. ज्यांनी सारा संसार एका पिशवीत भरून उभे आयुष्य गावोगावी वेचले, त्यांना असे म्हणण्याचा अधिकार निश्चितच आहे. परंतु या भूमिकेचा परिणाम असा झाला की, समाजकार्याच्या शिक्षणाचे क्षेत्र आपण कित्येक दशके इतरांच्या हाती सोडून दिले आणि मग तेथे काय शिकविले जाते याविषयी तक्रार करीत राहिलो.

या शिक्षणाचा आपल्याकडील औपचारिक आरंभ १९३६ साली मुंबईत झाला. सर दोराबजी टाटा यांच्या नावाने निघालेल्या त्या संस्थेचे पहिले संचालक होते क्लिफर्ड मॅनशार्ट. नागपाड्यात अमेरिकन मिशनचे सेवाकेंद्र चालविणारे हे गृहस्थ निष्ठावान होते, कष्टाळू होते. मात्र त्यांनी आणलेली चौकट अमेरिकेतील होती. पुढे १९५५ मध्ये ख्रिस्ती धर्मभगिनींनी मुंबईत निर्मला निकेतन सुरू केले. पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था उभी राहण्यास १९६३ साल उजाडले. पण सेवेसाठी माणूस घडवावा लागतो, ही कल्पना आपण परक्यांकडून घेतलेली नाही. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०५ मध्ये भारत सेवक समाज स्थापन केला, तेव्हा सदस्याने पाच वर्षे प्रशिक्षण घेतले पाहिजे अशी अट त्यांनी घातली होती. केवळ तळमळ पुरेशी असती, तर गोखल्यांसारख्या काटेकोर माणसाने तरुणांची पाच वर्षे खर्ची घातली नसती.

तळमळीला ज्ञानाची जोड नसेल तर काय घडते, हे आज पूर्वीपेक्षा अधिक स्पष्ट दिसते. वस्तीत एखाद्या बालिकेवर अत्याचार झाल्याचे कार्यकर्त्याला समजते. ‘गावातल्या गावात मिटवू, मुलीच्या आयुष्याचा प्रश्न आहे,’ असे ज्येष्ठ मंडळी म्हणतात आणि तोही सद्हेतूने मान डोलावतो. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार अशा गुन्ह्याची माहिती पोलिसांना न देणे हाच मुळी अपराध आहे, हे त्याला ठाऊक नसते. दुसरा एखादा अतिउत्साही कार्यकर्ता त्या मुलीचे छायाचित्र वृत्तपत्राकडे धाडतो. तिची ओळख उघड करण्यासही तोच कायदा मनाई करतो. दोघांच्याही मनात खोट नाही, पण भोगावे लागते ते त्या मुलीला.

रुग्णालयांचेही तसेच. महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखून ठेवाव्या लागतात. मराठवाड्यातून मुंबईला रुग्ण घेऊन आलेल्या शेतकऱ्याला हे कोणी सांगायचे? कोणते कागद लागतात, अर्ज कोणाच्या टेबलावर अडला आहे, रुग्ण गेला तर शव गावी कसे न्यायचे आणि मागे राहिलेल्या विधवेला कोणत्या योजनेचा आधार मिळेल, ही सारी माहिती असलेला प्रशिक्षित समाजसेवक त्या शेतकऱ्याच्या दृष्टीने शल्यविशारदाइतकाच मोलाचा असतो. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात असे पद १९४६ पासून आहे. रुग्णालयीन समाजसेवकाचा समावेश २०२१ च्या आरोग्य व्यावसायिकांविषयीच्या केंद्रीय कायद्यातही झाला. मात्र वकिलांना जशी बार कौन्सिल आहे, तसे समग्र समाजकार्य व्यवसायासाठीचे वैधानिक मंडळ देशात अद्याप नाही.

समाजकार्याच्या प्रचलित अभ्यासक्रमांवरील आमचा आक्षेप यामुळे मावळत नाही. ज्या समाजात कुटुंब, जात-पंचायत, वारी, भजनी मंडळ आणि गावकी अशी शेकडो नाती माणसाला एकाच वेळी बांधतातही आणि सावरतातही, त्या समाजाचे आकलन केवळ शोषक आणि शोषित या दोन रकान्यांत होत नाही. हिंदू समाजातील दोष दाखवू नयेत असे आम्ही मुळीच म्हणत नाही. ते दाखविण्याचे काम आपल्याच संतांनी आणि सुधारकांनी निर्भयपणे केले आहे. परंतु समाजाविषयी आत्मीयता न शिकविता केवळ त्याच्याविषयीचा रोष शिकविला, तर विद्यार्थी मोर्चा काढील, वस्तीत मुक्काम करणार नाही.

याच अभ्यासक्रमांतील एक गोष्ट मात्र मोकळ्या मनाने उचलण्याजोगी आहे. ती म्हणजे क्षेत्रकार्य. विद्यार्थी आठवड्यातून साधारण दोन दिवस प्रत्यक्ष संस्थेत अथवा वस्तीत जातो, केलेल्या कामाची नोंद लिहितो आणि प्राध्यापक ती नोंद वाचून त्याला प्रश्न विचारतात. ‘तू त्या बाईला सल्ला दिलास, पण तिचे म्हणणे ऐकून घेतलेस का?’ हा प्रश्न आपल्या किती प्रकल्पांत नवोदित कार्यकर्त्याला विचारला जातो?

तुळजापूर तालुक्यातील यमगरवाडीचा प्रकल्प येथे आठवतो. १८७१ च्या कायद्याने ज्यांच्या कपाळी गुन्हेगार असा शिक्का मारला, त्या समाजांतील मुलांसाठी भटके विमुक्त विकास प्रतिष्ठानने तेथे शाळा आणि वसतिगृह उभे केले. या कामासाठी आयुष्य देणारे गिरीश प्रभुणे यांचा २०२१ मध्ये पद्मश्रीने गौरव झाला. पारध्यांच्या पालांवर जाण्यासाठी धैर्य आणि माया हवी, ती कोणत्याही विद्यापीठात मिळत नाही. पण जन्माची नोंद नसलेल्या मुलाला जातीचा दाखला मिळवून देणे, खोट्या गुन्ह्यात अडकलेल्या बापाला जामीन मिळवून देणे, पिढ्यान्‌पिढ्या पोलिसांच्या भीतीत वाढलेल्या मुलाचे मन जाणणे, यासाठी विद्या लागते आणि ती शिकता येते.

मध्य प्रदेशाने या दिशेने एक पाऊल टाकले आहे. नानाजी देशमुखांच्या प्रेरणेतून १९९१ मध्ये स्थापन झालेल्या चित्रकूटच्या ग्रामोदय विद्यापीठामार्फत २०१५ पासून तेथे सामुदायिक नेतृत्वाचा समाजकार्य पदवी अभ्यासक्रम सुरू झाला. गावातील तरुणाने गावाशी नाते राखूनच पदवीधर व्हावे, ही त्यामागील दृष्टी आहे. महाराष्ट्रात समाजकार्य महाविद्यालयांची संख्या मोठी असूनही असा विचार का होऊ नये?

आणि एक अप्रिय मुद्दा. तो वेतनाचा आहे. बालसंरक्षण, समुपदेशन आदी क्षेत्रांतील शासकीय पदे बहुतांशी कंत्राटी आहेत, हे खरेच. पण स्वयंसेवी संस्थांची, त्यातही आपल्या संस्थांची, स्थिती काय आहे? पूर्णवेळ कार्यकर्त्याचा त्याग हा आपला अभिमानाचा विषय आहे. तथापि ज्याने त्यागाचे व्रत घेतलेले नाही, ज्याच्या घरी वृद्ध आई-वडील आणि शिकणारी बहीण आहे, अशा पदवीधराकडून आठ तासांचे व्यावसायिक काम करून घेऊन हाती मानधन टेकवणे ही सेवा नव्हे. इमारतीसाठी देणगी सहज मिळते, कार्यकर्त्याच्या पगारासाठी मिळत नाही, असे संस्थाचालक सांगतात. मग देणगीदाराला ते पटवून देणे हेही संस्थाचालकांचेच काम आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या उद्योगांना नफ्याचा २ टक्के भाग सामाजिक कामासाठी खर्च करणे बंधनकारक केले. तो निधी ज्या संस्थांकडे हिशेब आणि प्रशिक्षित माणसे आहेत, त्यांच्याकडे वळतो.

नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार आता अन्य शाखांच्या पदवी विद्यार्थ्यांनाही समाजसहभागाच्या कामाचे श्रेयांक मिळू लागले आहेत. दोन झाडे लावून, चार छायाचित्रे काढून प्रमाणपत्र घेण्याची पळवाट येथेही निघेल. किंबहुना निघालीच असेल. ती बंद करणे आपल्या प्रकल्पांच्या हाती आहे. प्रत्येक वसतिगृहाने, रुग्णालयाने, वस्तीकेंद्राने जवळच्या महाविद्यालयातील निदान पाच विद्यार्थी वर्षभरासाठी मागून घ्यावेत. त्यांना एक अनुभवी मार्गदर्शक द्यावा आणि त्याने दर आठवड्याला त्यांच्या दैनंदिनीचे पान वाचून त्यावर लाल शाईने लिहावे. या मागणीचे पत्र नवे सत्र सुरू होण्यापूर्वी प्राचार्यांच्या हाती पडलेले असावे.