वेळेचा जमाखर्च

बँकेत धनादेश हाती आला की दिनांक, रक्कम आणि सही तपासल्याविना आम्ही तो पुढे पाठवीत नसू. समाजमाध्यमांवरील मजकुरासही मुलांनी असेच तीन प्रश्न विचारावेत : हे कोणी लिहिले, केव्हा लिहिले आणि त्यात त्याचा लाभ काय? व्यापारी घरातील मुलाला तिसरा प्रश्न चटकन उमगतो. फुकट दिसणाऱ्या मालाची किंमत येथे आपल्या वेळेतून वसूल होते.

त्या वेळेवर पहिला हक्क शरीराचा आहे. ५ ते १७ वर्षे वयाच्या मुलांनी दररोज सरासरी ६० मिनिटे अंगमेहनतीची हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

गेल्या महिन्यात मी नातवास मोबाइल ठेवण्यास सांगितले. तो म्हणाला, "आजोबा, तुम्हीही ठेवा ना!" माझ्या हाती शेअर बाजाराचे भाव होते. मी निरुत्तर झालो.

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ च्या स्वातंत्र्यदिनापासून सायंकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास मोबाइल व टीव्ही बंद ठेवण्याचा पायंडा पाडला. नियम घरातील थोरांनाही लागू आहे, हेच त्याचे मर्म.

दुकानदारीत मोबाइल अटळ आहे, हे मान्य. तथापि दिवसाचा एक तास शिल्लक टाकता येतो. हल्ली रविवारी सकाळी आम्ही दोघे गोगाबाबा टेकडी चढतो; दोन्ही मोबाइल घरी असतात. तो पुढे जातो, मला धाप लागते, मग तो थांबतो. त्या थांबण्यात तो शाळेतल्या गोष्टी सांगतो. एवढे व्याज मला कोणत्याही ठेवीवर मिळाले नव्हते.