कापसाच्या गाठी आणि महायुद्धाचे मूळ

महायुद्धे का झाली, अशी चर्चा निघाली की बोट व्यापाराकडे दाखवले जाते. कच्चा माल आणि बाजारपेठ यांसाठी राष्ट्रे भांडली, बाकी सारे निमित्त, असे सांगितले जाते. आम्हाला हे मत अर्धेच पटते.

सन १९१४ मध्ये ब्रिटन आणि जर्मनी एकमेकांचे मोठे गिऱ्हाईक होते. हिंदुस्थानातील रंगाऱ्यांना लागणारा कृत्रिम रंगही मुख्यतः जर्मनीहून येई. धंदा चालू असतानाच युद्ध पेटले. म्हणजे नुसती देवघेव शांतता राखते, हे खरे नाही.

दुसऱ्या महायुद्धाआधीचा दाखला आपल्या धंद्यातलाच आहे. आज सीबीडी बेलापूरला 'कपास भवन'मध्ये भारतीय कापूस महामंडळाचे मुख्य कार्यालय आहे. याच कापसावरून १९३३ मध्ये मोठा तंटा झाला होता. १९२९ च्या मंदीनंतर प्रत्येक देश आपले दार लावून घेत होता. जून १९३३ मध्ये इंग्रज सरकारने ब्रिटनबाहेरच्या सुती कापडावरील आयात शुल्क ७५ टक्के केले. ब्रिटिश कापडावर ते २५ टक्केच होते. उत्तरादाखल जपानी गिरण्यांनी आपल्या कापसावर बहिष्कार घातला. भांडण कापडाचे, पण गिऱ्हाईक तुटले ते कापूस पिकवणाऱ्याचे!

जानेवारी १९३४ मध्ये समझोता झाला. शुल्क ५० टक्क्यांवर आले. जपानने १० लाख गाठी कापूस घ्यायचा आणि ३२.५ कोटी वार कापड विकायचे, असे ठरले.

तंटा मिटला, तरी १९३७ मध्ये जपान चीनवर तुटून पडला. मांचुरिया तर त्याने १९३१ मध्येच घेतला होता. तेव्हा शुल्क हे युद्धाचे मूळ नव्हे. जे दाम देऊन मिळते तेही बळाने घ्यायचे, ही सत्ताधाऱ्यांची हाव हे मूळ. मात्र बंद दारांमुळे अशा लोकांचे फावते. 'जग आपल्याला विकू देत नाही' असे सांगितले, की बेकार तरुणाला ते पटते.

ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने बऱ्याच भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लावले, तेव्हा कापड व्यवसायाला फटका बसला. शुल्क वाढले म्हणून युद्ध होत नाही. पण अशा वेळी बाजारात बदल्याची भाषा सुरू होते. व्यापारी संघटनांनी तिच्या मागे न जाता सरकारकडे बोलणीचा आग्रह धरावा. १९३४ चा मार्ग तोच होता. गिऱ्हाइकाशी बिनसले तर आपण वही उघडून हिशेबाला बसतो, त्याचे घर पेटवत नाही.