धूर सरला, गाळ उरला
पोलाद गंजापासून राखायचे तर जस्ताचा मुलामा हवा. बीरगांवलगतच्या उरला औद्योगिक क्षेत्रासारख्या पोलादी पट्ट्याला हे सांगणे नको. भारतातील जस्ताचे मुख्य सल्फाइड खनिज, स्फॅलेराइट, राजस्थानात मिळते. ते भाजल्यास सल्फर डायऑक्साइड निघतो व त्याचे सल्फ्युरिक आम्ल करावे लागते. थेट निक्षालनात मात्र फेरिक सल्फेटच्या आम्लयुक्त द्रावणात जस्त विरघळते आणि बहुतांश गंधक घनरूपात मागे राहते. या पद्धतीचे कौतुक रास्तच. पण तिला ‘स्वच्छ’ म्हणण्याची घाई नको. खनिजातील लोह अखेर जॅरोसाइटसारख्या गाळात उतरते, आणि त्यात शिसे, कॅडमियमचेही अंश असतात. धूर डोळ्यांना दिसतो. गाळ नजरेआड साठतो. म्हणून नव्या तंत्राची परीक्षा धुराड्यापाशी नव्हे, गाळाच्या तळ्यापाशी व्हावी.